पूल बुडाला की गाव बेट होतं

समुद्र बघायचा तर आम्हाला कर्नाटकच्या सीमाभागातल्या निपाणीतून गडहिंग्लजवरून आंबोलीचा घाट उतरून जावं लागतं. पण बेटावर राहणं म्हणजे काय असतं हे आमच्या भागातल्या कितीतरी गावांना समुद्र न बघताच कळलेलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वर कोयनेला, काळम्मावाडीला, पाटगावला पाऊस लागला की खाली आमच्याकडे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगतात आणि मग पेपरात दरवर्षी तीच नावं, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, कल्लोळ-येडूर, पूल पाण्याखाली. साधारण पावसाळ्यात लांबचा वळसा घेऊन जाता येतं, दूध जातं, पोरं कॉलेजला येतात, चालून जातं. पण २००५, २०१९, २०२१ अशी सालं येतात तेव्हा वळसासुद्धा बंद होतो. चारी बाजूंनी तांबडं पाणी, मध्ये गावाचा उंचवटा, आणि त्या उंचवट्यावर शाळा किंवा देऊळ. ते बेटच की मग.

मला लिहायचंय ते त्या बेटावर पोचणाऱ्या जेवणाबद्दल, आणि ते बनवणाऱ्या आमच्याकडच्या हॉटेल-खानावळवाल्यांबद्दल. या लोकांबद्दल कुणी लिहीत नाही. पुराच्या बातम्यांत बोट असते, पुढारी असतो, एनडीआरएफचे जवान असतात (असायलाच पाहिजेत, जीव त्यांनीच वाचवले), पण रात्री दोनला भट्टी पेटवून पहाटे पाचला पार्सल भरणारा माणूस कुठेच नसतो.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, तिकडे कोल्हापूरला शिरोलीजवळ पंचगंगेचं आलं, आणि पुणे-बेंगळूर रस्ता कित्येक दिवस ठप्प. दोन पाण्यांच्या मध्ये ट्रकच्या रांगाच रांगा. ड्रायव्हर तमिळनाडूचे, राजस्थानचे, कुणाला मराठी येत नाही कुणाला कानडी, खिशातले पैसे संपत आलेले आणि गाडी सोडून जाताही येत नाही. हायवेकडेच्या हॉटेलवाल्यांना तो आठवडा दिवाळीसारखा गेला असता, मनात आणलं असतं तर. चहाचे वीस रुपये केले असते तरी लोकांनी दिले असते, दुसरीकडे जाणार कुठं. पण मी बघितलं ते वेगळंच, मोठ्या पातेल्यात आमटी-भात करून रांगेतल्या ट्रकांना बादलीनं वाढत फिरणारी हॉटेलातली पोरं, आणि पैसे काढणाऱ्या ड्रायव्हरला हातानंच राहू द्या म्हणणारी.

आमच्याकडे हे नवीन नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीत हायवेवर ठाण मांडून बसले होते, १४ मार्चपासून ६ एप्रिलपर्यंत, आणि शेवटी गोळीबार होऊन माणसं गेली. घरातली मोठी माणसं त्या दिवसांबद्दल बोलायला लागली की गोळीबाराच्या आधी भाकरीचं सांगतात, गावागावातून भाकऱ्यांची गाठोडी कशी यायची, कोणाच्या घरचं पीठ कधी संपलं. हजारो माणूस रस्त्यावर बसलंय म्हटल्यावर त्याला जेवायला कोण घालतंय हा प्रश्न पहिला येतो, आणि त्याचं उत्तर देणारी माणसं या मातीत आहेत.

पण नुसती दानत पुरत नाही. हे मला पुराच्या वेळी एका शाळेत कळलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

नदीकाठच्या गावातली माणसं एका शाळेत आणून ठेवलेली. पहिल्या दोन दिवसांत तिथं एवढं जेवण आलं की ठेवायला जागा नव्हती, आणि सगळं एकच, मसालेभात. एका मंडळाचा मसालेभात, एका पक्षाचा मसालेभात, एका हॉटेलचा मसालेभात, सगळं सकाळी अकरा ते एकच्या मध्ये, कारण फोटो काढायला उजेड तेव्हा असतो. संध्याकाळी सातनंतर कुणी येत नाही. दुपारचा भात प्लास्टिकच्या पिशवीत गरम भरून तोंड बांधलेलं, आत वाफ धरलेली, सातपर्यंत त्याला वास सुटलेला. म्हातारी माणसं, शुगरवाली माणसं, सहा महिन्यांची पोरं, सगळ्यांना तेच. शाळेच्या मागं उकिरड्यावर पिवळाधम्मक भात पडलेला आणि आत वर्गात एक आजी बाकावर बसून रात्रीच्या गोळीआधी खायला काहीतरी शोधतेय.

त्या शाळेतल्या एका बाईंनी, शिक्षिका त्या, तिसऱ्या दिवशी एक काम केलं. हजेरीची जुनी वही उलटी केली आणि मागच्या पानांवर वर्गवार लिहून काढलं, कोणत्या वर्गात किती माणसं, त्यातली साठीच्या वरची किती, दूधपिती पोरं किती, बाळंतीण कोण, शुगर कोणाला, दात नाहीत म्हणून भाकरी कुस्करून लागते असं कोण. आणि मग आमच्या ओळखीच्या एका खानावळवाल्यांना फोन लावला. बाजारातली साधी खानावळ आहे, पाटी रंगवलेली, आत लाकडी बाकं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. मी तेव्हा खानावळीतच होतो, स्पीकरवर ऐकलेलं आहे.

"अण्णा, उद्या सकाळी भात नको ओ. सकाळचं भरपूर येतंय. पोरं भात बघून तोंड फिरवायलीत. रात्रीला काय तरी करा की."

"किती माणसं हायत बाई?"

"एकशे बारा. त्यातल्या चौदा जणांना मऊ पाहिजे. आठ बारकी पोरं हायत, त्यांना तिखट नको."

अण्णांनी गल्ल्यावरच्या बिलबुकाच्या पाठीमागं लिहून घेतलं, ११२, १४, ८, आणि आत वस्तादांना, म्हणजे मुख्य आचाऱ्याला, हाक मारली. त्या रात्रीपासून ठरून गेलं. ज्वारीची भाकरी, मुगाची नाहीतर मसुराची आमटी, शेंगदाण्याची चटणी वेगळी पुडीत, मऊ खिचडीचा एक डबा आणि बिनतिखटाचा एक. संध्याकाळी साडेसहाला टेम्पो निघणार, सातला पोचणार, शाळा मोकळी होईपर्यंत रोज. एवढं सगळं त्या एका फोनवर झालं, कसलं पत्र नाही काही नाही.

नीट बघितलं तर यात दोन वेगवेगळ्या ताकदी होत्या. अण्णांकडे भट्टी होती, मोठी तपेली होती, दोनशे माणसांची भाकरी बडवून काढणाऱ्या बायका होत्या, एकोणीस किलोची सिलिंडरं होती, किराणावाल्याकडे उधारी चालत होती. पण कोणाला काय पाहिजे हे त्यांना माहीत नव्हतं, माहीत असण्याचं कारणच नाही. बाईंकडे यातलं काहीच नव्हतं, पण माणूस अन् माणूस माहीत होता. ही दोन टोकं जोडली गेली म्हणून ते जेवण योग्य पोटात गेलं. मला तरी हॉटेलवाल्यानं समाजासाठी काही करणं म्हणजे हे वाटतं, एकट्यानं देऊन मोकळं होण्यापेक्षा ज्याला गावाची माहिती आहे अशा माणसाबरोबर, संस्थेबरोबर, शाळेबरोबर बांधून घेणं.

आणि हे फुकटात होत नाही हेपण सांगायला पाहिजे. लोकांना वाटतं हॉटेलवाल्याचं काय, दोन किलो तांदूळ जास्त टाकले. पुराच्या दिवसांत हॉटेलचा धंदा बसलेला असतो, गिऱ्हाईक नाही, भाजीचे दर चढलेले, आणि रस्ते बंद म्हणून सिलिंडर वेळेत येत नाही. कामाला येणाऱ्या बायका त्याच काठावरच्या गावातल्या. अण्णांच्या वस्तादांच्या स्वतःच्या घरात छातीएवढं पाणी होतं, बायकापोरं पाव्हण्यांकडे, आणि ते इकडे दुसऱ्यांच्या पोरांची बिनतिखटाची खिचडी ढवळत उभे. विचारलं तर म्हणाले, घरी जाऊन पाण्याकडं बघत बसायचं त्यापेक्षा हे बरं.

जगात इतर ठिकाणी, खऱ्या बेटांवर, हेच झालेलं वाचायला मिळतं. २० सप्टेंबर २०१७ ला पोर्तो रिको बेटावर मारिया वादळ आदळलं, अख्ख्या बेटाची वीज गेली. होजे आंद्रेस नावाचे शेफ तिथं पोचले, २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर त्यांनी वर्ल्ड सेंट्रल किचन ही संस्था काढलेली होती. पण त्यांनी सुरुवात केली ती सान हुआनमधल्या एका स्थानिक शेफच्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातून, आणि पहिल्यांदा केलं काय तर सांकोचो, म्हणजे तिथला घराघरातला मांस आणि कंदमुळं घातलेला रस्सा. बाहेरून पाकीटबंद जेवण येतच होतं, पण आपल्या तोंडाची चव असलेलं गरम वाडगं हातात पडणं वेगळं. स्थानिक शेफ, फूड ट्रकवाले, स्वयंसेवक जोडत गेले आणि काही महिन्यांत ३० लाखांच्या वर जेवणं गेली. हवाईतल्या माऊई बेटावर ८ ऑगस्ट २०२३ ला लाहाइना गाव आगीत जळालं, शंभरावर माणसं गेली, तेव्हापण तिथल्या कॉलेजात जिथं पोरांना स्वयंपाक शिकवतात त्या मोठ्या किचनमध्ये बेटावरचे रेस्टॉरंटवाले जमले आणि जेवण करून पाठवत राहिले. त्यातल्या काहींची स्वतःची हॉटेलं त्याच आगीत गेलेली.

हे वाचताना मला आमचे वस्ताद दिसत होते, दुसरं काही नाही.

आपल्या देशातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण केरळातल्या कोझिकोडचं. तिथं २०१५ च्या आसपास जिल्हा प्रशासन आणि हॉटेलवाल्यांची संघटना यांनी मिळून ऑपरेशन सुलेमानी चालू केलं, सुलेमानी म्हणजे तिकडचा कोरा चहा. ज्याच्याकडे जेवायला पैसे नाहीत त्यानं सरकारी ऑफिसातून कूपन घ्यायचं आणि योजनेतल्या हॉटेलात जाऊन जेवायचं. इतर गिऱ्हाइकांसारखं टेबलाला बसायचं, वाढपी तसाच पाणी आणून ठेवणार, ताट तेच. खर्चाला लोकांनी दिलेली देणगी. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे देणारा उभा असतो, घेणारा खाली बसलेला असतो, मध्ये मोबाईल धरलेला कार्यकर्ता असतो. पुरातल्या त्या शाळेत एका शेतकऱ्यानं, ज्याच्या घरी सुगीला पंधरा माणसं जेवून उठतात त्यानं, फोटोच्या वेळी तोंडावर टॉवेल ओढून घेतलेला मी बघितलेला आहे. अण्णांच्या टेम्पोतल्या डब्यावर नाव नव्हतं आणि फोटो एकही नाही, म्हणूनच मला इथं त्याबद्दल शब्दांनी लिहावं लागतंय.

आता सीमाभागातली एक गोष्ट. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत जेवण, कोविडमध्ये पाच रुपये केलं. कर्नाटकात २०१७ पासून इंदिरा कॅन्टीन, नाष्टा पाच रुपये, जेवण दहा. दोन्ही योजना चांगल्याच, पण निपाणीतून पायी चालत गेलं तर अर्जुननगर लागतं, तिथं देवचंद कॉलेज आहे आणि ते महाराष्ट्रात. घर एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात, ऊस तिसऱ्याच कारखान्याला. अशा ठिकाणी योजना आपापल्या हद्दीला येऊन थांबतात, पुराचं पाणी काही थांबत नाही, आणि मधल्या जागेत माणसं माणसांना धरून असतात. अण्णांची खानावळ मराठी, समोरची लिंगायत खानावळ कानडी, एरवी गिऱ्हाइकावरून दोघांची चढाओढ चालू. पुरात भाकरी कमी पडायला लागली तेव्हा समोरून कडक रोट्टीचे गठ्ठे आले. ती पातळ, खडखडीत, ज्वारीची भाकरी कोरडी ठेवली तर कितीतरी दिवस टिकते, न आंबता न बुरसता, आणि आमटीत बुडवली की दात नसलेल्या माणसालासुद्धा जाते. पुरात न्यायला यापेक्षा चांगलं अन्न माझ्या माहितीत नाही. मसालेभात वाटणाऱ्या सगळ्यांना मला हे हात जोडून सांगायचंय, दुपारनंतरसाठी देत असाल तर भात नका देऊ, कडक भाकरी, चटणी, गूळ, शेंगदाणे, भडंग द्या.

सरकारी नियमांचं थोडं सांगतो, कारण हॉटेलवाले नेहमी विचारतात. उरलेलं अन्न वाटायचं असेल तर त्यासाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचे २०१९ चे नियम आहेत, अन्न सुरक्षित पाहिजे, वेगळं ठेवलं पाहिजे, काय किती दिलं त्याची नोंद ठेवली पाहिजे. हे नियम बघून घाबरून जायचं कारण नाही, त्या बाईंची वही म्हणजे तीच नोंद. टॅक्सचं म्हणाल तर इन्कम टॅक्समध्ये वस्तूरूपात दिलेल्या दानाला सूट मिळत नाही, म्हणजे तुम्ही हजार भाकऱ्या दिल्या त्याचं काही नाही, आणि पैसे दिले तरी दोन हजारांच्या वरची रोख रक्कम चालत नाही, चेकनं किंवा ऑनलाइन द्यायची, तेही नोंदणी असलेल्या ट्रस्टला आणि जुन्या करपद्धतीतच. केंद्रानं २०१८ मध्ये सेवा भोज योजना काढली, तिच्यात धर्मादाय संस्थांना मोफत जेवणाच्या सामानावरचा केंद्राच्या वाट्याचा जीएसटी परत मिळण्याची सोय, पण महिन्याला किमान ५००० माणसं जेवायला घालणाऱ्या मठ-मंदिर-गुरुद्वारांसाठी ती काढलेली. खानावळवाला यातल्या कशातच बसत नाही. मोठ्या कंपन्यांना सीएसआर आहे, म्हणजे नफ्यातले दोन टक्के समाजकामाला कायद्यानं काढावेच लागतात. बाजारातल्या खानावळीला कायद्यानं काही काढावं लागत नाही आणि काढलं तर काही परत मिळत नाही, तरी ती काढते, आणि ज्या मंडळाला देते त्याची नोंदणी बहुतेक वेळा झालेली नसते. हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. गावातल्या चार मंडळांनी मिळून एक रीतसर ट्रस्ट नोंदवला, बँकेत खातं काढलं, वर्षाचा हिशोब चावडीवर लावला, तर देणारे वाढतील. आता देणारा दोनदा विचार करतो तो पैसा जातो कुठं म्हणून, आणि त्याचं चुकत नाही.

पूर दरवर्षी एवढा येत नाही. मग बाकी वर्षभर काय, तर भूक असतेच. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवरनं माणसं येतात, चंदगडहून येतात, इकडे रायबाग-अथणीहून येतात. पेशंटला आत जेवण मिळतं, बरोबर आलेल्या माणसाचं काय. तो पहिल्या दिवशी घरनं बांधून आणलेली भाकरी खातो, दुसऱ्या दिवशी वडापाव, तिसऱ्या दिवसापासून चहा-बिस्किटावर काढतो, कारण औषधाची चिठ्ठी कधी हातात पडेल सांगता येत नाही आणि पैसे त्याच्यासाठी राखून ठेवायचे असतात. अशा माणसाला फुकट जेवण घ्या म्हटलं तर तो नको म्हणतो, जेवलोय म्हणतो. इथं कूपन चालेल. वॉर्डातल्या सिस्टरला किंवा दवाखान्यातल्या समाजसेवकाला बरोबर कळतं कोण उपाशी आहे, त्यांच्या हातात रोजची ठरलेली कूपनं, आणि आजूबाजूच्या पाच-सहा हॉटेलांनी ती घ्यायची. एका हॉटेलला रोज चार थाळ्या म्हणजे काही डोंगर नाही, गर्दीच्या वेळी तेवढं अन्न तर ताटात टाकून जातात लोक. गिऱ्हाईकसुद्धा हातभार लावेल. बिल देताना एका थाळीचे पैसे जास्त देणारी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना कुणी विचारायला पाहिजे फक्त.

आम्ही काही जण आता पावसाळ्याच्या आधी एक वही करतोय. बाईंच्याच वहीची रीत. डाव्या बाजूला गाव, गावातला निरोप देणारा एक माणूस (शिक्षक, आशाताई, नाहीतर डेअरीचा सेक्रेटरी, ज्याला घर अन् घर माहीत आहे असा), अंदाजे माणसं, आणि पूल बुडाला तर पोचायचा रस्ता कोणता. उजव्या बाजूला हॉटेल, एका वेळी किती माणसांचं करू शकतं, सकाळी का रात्री, टेम्पो कोणाचा. एका गावाला दोन हॉटेलं, म्हणजे एकाचं काही अडलं तर दुसरं. कडक भाकरी जूनमध्येच करून कोरड्या डब्यात भरून गावातच ठेवायची असं समोरच्या खानावळीच्या आक्कांनी सुचवलंय, आणि ते सगळ्यांना पटलंय, कारण पाणी चढल्यावर बोटीतून जेवण नेण्यापेक्षा ते आधीच तिथं असलेलं बरं.

गॅसचं अजून सुटलेलं नाही. पुरात सिलिंडर येत नाही, म्हणून प्रत्येक हॉटेलनं दोन भरलेली बाजूला ठेवायची म्हटलं तर तेवढे पैसे अडकून पडतात, लहान खानावळींना ते परवडत नाही. त्याचे पैसे वर्गणीतून आधी द्यायचे, पूर आला नाही तर सप्टेंबरमध्ये परत घ्यायचे, असं अण्णा म्हणतायत, काही जणांना हिशोब अवघड वाटतो. बसून बोलून ठरेल. उजव्या बाजूला हॉटेलांची नावं बऱ्यापैकी आलीत. नदीपलीकडच्या दोन गावांपुढं मात्र अजून कोणाचं नाव नाही. चिकोडी रोडला किंवा हायवेला तुमचं हॉटेल असेल आणि संध्याकाळच्या शंभर भाकऱ्या जमत असतील तर निरोप द्या, मेच्या शेवटच्या आठवड्यात अण्णांच्या खानावळीत दुपारी चारला बसणार आहोत, तेव्हा गर्दी नसते.